गाडीच्या आडची गाडी

मित्रांनो, उभे का? या, माझ्या बाकावर बसा. लोखंडाचा आहे. आधी गार लागेल, मग तुमचीच ऊब तुम्हाला परत देईल. बाक माझा, डोक्यावरचं गंजलेलं छप्पर माझं, आणि तुमच्या पायांखालचा हा विटांचा फलाट म्हणजे तर मीच. गावाच्या कडेला, जिथं घरं विरळ होत जातात आणि कुंपणं सुरू होतात, तिथला मी एक जुना थांबा.

माझ्याकडे मोठी आगगाडी येत नाही. माझ्याकडे येते ती तिची धाकटी बहीण. कागदोपत्री तिला हलकी रेल्वे म्हणतात, लोक नुसतं गाडी म्हणतात. दोन डबे, डोक्यावर विजेची तार आणि जमिनीच्या पातळीत बसवलेले रूळ. आगगाडी येते तेव्हा जमीन हादरते, माणूस न सांगता दोन पावलं मागं सरतो. ही येते मांजरीच्या पावलांनी. आली कधी ते कळत नाही. ते पाऊल तेवढं ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या पावलाभोवती फिरते.

माझ्या जागी पूर्वी वीटभट्टी होती. तिथल्याच उरलेल्या विटांनी मला बांधलं. बांधणारा गवंडी मोठा बोलका होता. शेवटची ओळ लावून झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "यावर हत्ती नाचला तरी वीट हलायची नाही."

त्याची बायको पाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हत्ती कशाला येतोय इथं? तुम्ही ओळ सरळ धरा आधी. इकडं बघा, पोट आलंय तिला."

"ती ओळ नाही, माझी सावली आहे."

"मग सावलीचंच पोट आलंय म्हणायचं."

दोघं हसली. ती हसता हसता तोल सावरायला खाली टेकली आणि तिचा पंजा ओल्या सिमेंटमध्ये उमटला. फलाटाच्या कडेला, जिथून पायऱ्या उतरून रुळांकडे पाऊलवाट जाते, अगदी तिथं. गवंड्यानं थापी उचलली तर ती म्हणाली, "राहू द्या. मुक्या बिचाऱ्याला एक हात तरी असू दे." तो हात अजून आहे. तुमच्या उजवीकडे बघा. पाच बोटं, आणि एका बोटाशी अंगठीची खूण. सगळ्या अंगात माझ्याकडे हात म्हणावा असा तेवढाच.

माझं काम काय, तर जोडायचं. गाडी माणसं आणून माझ्यावर सोडायची आणि रुळांच्या पलीकडे बस त्यांची वाट बघत उभी असायची. एक बस टेकडीवरच्या रुग्णालयाकडे, एक शाळेकडे, एक साबणाच्या कारखान्याकडे. गाडी आणि बस यांच्यामध्ये मी. सुई आणि कापड यांच्यामध्ये दोरा असतो ना, तसा. दोऱ्याला कुणी शिवण म्हणत नाही, पण तो तुटला की सगळं उसवतं.

तेव्हा माझ्या अंगणात एकच रूळमार्ग होता. गाडी यायची, थांबायची, पुढं शेवटच्या थांब्याला जायची आणि तीच उलटी फिरून यायची. ती गेली की रूळ रिकामे. शेळीनं त्यावर बसून रवंथ करावा इतके रिकामे. म्हणून इथल्या माणसांना एक सवय लागली. गाडीतून उतरायचं, पायरीशी उभं राहायचं, गाडी हलली आणि तिचं शेपूट समोरून सरकलं की तिच्या पाठीमागून सरळ रूळ ओलांडायचे. डावीउजवीकडे बघायचं कुणाला सुचायचं नाही. बघायला होतं काय? या सवयीचं इथं एक गाणंसुद्धा झालं होतं. रचलं कुणी ते विचारू नका, अशी गाणी कुणी रचत नाही, ती तोंडातोंडी वाढतात. आया मुलांना हाताला धरून म्हणायच्या:

*गेली गं गेली गाडी, मोकळी झाली वाट,*
*धर बाई हात माझा, सोडू आता फलाट.*

मला ते गाणं फार आवडायचं. माझ्या विटांना त्याचा ठेका पाठ होता. "फलाट" म्हणताना सगळी पोरं एकदम उडी मारायची.

त्या काळी माझ्यावर एक राखणदार होता. मापाला मोठा कोट, गळ्यात शिट्टी. त्याला सगळे शिट्टीकाका म्हणायचे. गाडीला वळणावर उशीर झाला की काका बसच्या दिशेनं एक लांब शिट्टी घालायचे. त्याचा अर्थ, थांब, माझी माणसं यायचीत. मग बसवाला इंजिन बंद करून खिडकीतून ओरडायचा, "काका, तुमची माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटूनथटून येतात की काय?"

"मग वऱ्हाड सोडून गाडी पुढं जाते का कधी?"

"वऱ्हाड जेवून झोपलं असेल तर जाते."

"जा जाऊन बघ. उद्यापासून चहा बंद."

बस जायची नाही. कधीच नाही. त्यामुळे कुणी धावायचं नाही. मित्रांनो, माझ्या भरभराटीची खूण ही होती, माझ्यावर कुणी धावायचं नाही. पुढं मला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं, भिंतीवर पितळी पाटी लागली, कुंड्या आल्या, फोटो निघाले. ते सगळं ठीक. पण मला विचाराल तर चालत जाणारी माणसं हेच माझं बक्षीस होतं.

त्या चालणाऱ्यांत दोन बहिणी होत्या. आई लवकर गेलेली, वडील दूर कुठं कामाला. थोरली स्वतःच अजून पोर होती, पण रुग्णालयाच्या धुलाईघरात लागली होती. चादरी उकळायच्या, पिळायच्या, वाफेच्या इस्त्रीखालून काढायच्या. तिची बोटं नेहमी पाण्यातून नुकती काढल्यासारखी सुरकुतलेली असायची. धाकटी तिच्या कमरेएवढी. थोरली तिला शाळेच्या बसमध्ये बसवायची आणि मग स्वतः टेकडीच्या बसकडे पळायची. म्हणजे चालायचीच, पण ढांगा लांब टाकून.

धाकटीला रुळांची भीती वाटायची. पायरीवर उतरून मटकन बसायची. मग थोरली खाली वाकायची, सिमेंटमधल्या पंजावर तिचा इवलासा हात ठेवायची आणि सांगायची, "हा बघ, यानं तुला धरलंय. आता मी धरते." आणि गाणं म्हणत तिला पलीकडे न्यायची. कित्येक वर्षं. धाकटीचा हात त्या पंजाएवढा झाला, मग त्याच्याहून मोठा झाला, तरी पायरीशी आली की ती बोटं टेकवून पुढं जायची.

मग एके दिवशी टोप्या घातलेली माणसं आली. तीन पायांचं यंत्र मांडून एक डोळा मिटून माझ्याकडे बघत राहिली. जाताना जमिनीवर लाल रंगाच्या खुणा करून गेली. माझ्या सावलीला जे झाड होतं त्याच्या बुंध्यावर त्यांनी लाल फुली मारली. झाड आठवड्यातच गेलं. त्याच्या जागी, माझ्या जुन्या रुळांच्या आणि बसच्या मधोमध, दुसरा रूळमार्ग आला. आता जाणाऱ्या गाड्या इकडून आणि येणाऱ्या तिकडून. गाड्या वाढल्या. नव्या गाड्या आधीच्यांहून गुळगुळीत आणि मुक्या.

दोन्ही मार्गांच्या मध्ये लोखंडी कठडा घातला. पलीकडे जाण्यासाठी माझ्या पार दुसऱ्या टोकाला पूल बांधला. चढताना गुडघे बोलतील आणि उतरताना शिव्या देतील असा. येणाऱ्या गाडीचा फलाटही तिकडंच, पुलापाशी केला. शिट्टीकाकांना तर दुसरा रूळ पडायच्या आधीच हार घालून घरी पाठवलं होतं. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, एक उजळ पडदा आला, त्यावर आकडे पळायचे. बसला सांगण्यात आलं की घड्याळ बघायचं, माणसं बघायची नाहीत. बसवालाही नवा आला. कानात गाण्याची बोंडं घालून बसायचा. तो वाईट नव्हता हो. त्याच्याही मागं घड्याळ लागलं होतं.

आणि माझ्यावर माणसं धावायला लागली.

कठड्याचा एक गज कुणीतरी काढला. कुठला, ते तुम्ही ओळखलं असेल. जुन्या पाऊलवाटेसमोरचा, माझ्या हातासमोरचा. दुरुस्तीवाल्यांनी तो परत बसवला, पुन्हा निघाला. मग बसवणारे कंटाळले, काढणारे कंटाळले नाहीत. ती फट माणूस आडवा होऊन जाईल एवढी झाली. मग सरळ जाईल एवढी.

वळणावर एक मोठा जाहिरातीचा फलक उभा केला. दातांच्या मंजनाचा. फलकभर एक हसणारं तोंड, पांढरेशुभ्र दात. त्याच्या मागं वळण दिसेनासं झालं. येणारी गाडी त्या हसण्यातून एकदम बाहेर यायची, आवाज न करता. माझी पितळी पाटीही त्याच्या टेकूमागं गेली. पण पाटीचं मला काही वाटलं नाही. मला भीती वाटायची ती त्या हसण्याची.

आधी एक छत्री गेली. एक बाई फटीतून निघाली होती. तिच्या काखेतली छत्री जरा पुढं आली होती, तेवढीच गाडीनं ओढून नेली. बाई बघत राहिली, मग हसली. लोकही हसले. "छत्रीला घाई होती," कुणी म्हणालं. मग एकदा संत्र्यांची पिशवी गेली. रुळांवर दिवसभर वास होता, मुंग्या आल्या. त्यावरही हसले. मग एकाची चप्पल. त्या दिवशी जरा कमी हसले. मला मोजायला येत नाही, मित्रांनो, पण पायरी कुठल्या दिशेनं उतरते आहे ते थांब्याला कळतं. छत्री काखेत असते, पिशवी हातात, चप्पल पायात. वस्तू माणसाच्या जवळ जवळ येत होत्या.

गाणं मात्र तेच होतं. गाडी गेली, वाट मोकळी झाली. आता वाट मोकळी होत नव्हती. सुटणारी गाडी आपल्या अंगानं येणाऱ्या गाडीला झाकून ठेवायची. पण पायांना हे कोण सांगणार? पाय गाणं ऐकून चालत होते.

त्याच सुमारास धाकटी गाडी चालवायला लागली. पहिल्या दिवशी थोरलीनं तिच्या गणवेशाला धुलाईघरातली इस्त्री केली होती. बाही अशी उभी, की तिच्यावर पाणी ठेवलं तर सांडू नये. दोघी माझ्या बाकावर बसल्या. थोरली डोळे भरून बघत होती आणि तोंडानं भलतंच बोलत होती.

"टोपी मोठी झाली तुला. कानांवर टेकलीय म्हणून बरं."

"ताई, ऐक ना. तू त्या फटीतून जाऊ नकोस."

"बरं."

"नुसतं बरं नको. मी पुढून बघते आता. गाडीच्या आडून माणूस कसा निघतो ते तुला नाही कळायचं. काहीच नसतं, आणि एकदम चेहरा असतो."

"अगं, मीच तुला रूळ ओलांडायला शिकवलं. आता तू मला शिकव."

"तू शिकवलंस तेव्हा रूळ एक होता."

थोरलीनं डब्याच्या पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "पुलावरून गेले तर बस सुटते. बस सुटली की धुलाईघराचं फाटक बंद. आमची मुकादम काय म्हणते माहितीय? म्हणते, आजारी माणूस ओल्या चादरीवर झोपणार नाही, तू खुशाल पुलावर हवा खात ये. आणखी एकदा उशीर झाला तर काढून टाकतील. मग या वयात मी काय, तुझ्या गाडीत गोळ्या विकू?"

"विक. मी तिकीट घेणार नाही तुझ्याकडून."

"चल, आलीय मोठी तिकीटवाली."

हसल्या दोघी. पण धाकटीचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. उठताना तिनं सवयीनं सिमेंटच्या पंजावर बोटं टेकवली, आणि तिथं जरा जास्त वेळ ठेवली.

ती बसवाल्याकडेही गेली. खिडकीवर टकटक केली. त्यानं एका कानातलं बोंड काढलं.

"दादा, समोर गाडी उभी दिसली तर थोडं थांबत जा ना. पूर्वी थांबायची बस."

"पूर्वी माझे केसपण होते, ताई." तो वाईट वाटून म्हणाला, "थांबलो की पुढच्या चौकात उशिराच्या यादीत माझं नाव लागतं. तुम्हाला काय, तुमच्या रुळांवर सिग्नल तरी ऐकतात."

त्या दिवसापासून धाकटीनं आपला एक नियम केला. माझ्याजवळ येताना, माझ्यावर दुसरी गाडी उभी दिसली की ती आपली गाडी मुंगीच्या चालीनं न्यायची आणि घंटी वाजवत राहायची. नियमानं तिला इथं वेग कमी करायचं कारण नव्हतं. कठडा होता ना. तिचा फलाट तर पुढं, पुलापाशी. इतर चालक सुसाट जायचे आणि वेळेत पोचायचे. धाकटीची गाडी रोज थोडी मागं पडायची. तिच्यामागच्या गाड्या खोळंबायच्या. तिच्यासमोरच्या यंत्रातून आवाज यायचा, "काय झालं? का थांबलात?" ती म्हणायची, "थांबले नाही, चाललेय."

एकदा वेळापत्रक सांभाळणारे साहेब स्वतः माझ्यावर आले. चांगले गृहस्थ, आवाज चढवत नसत.

"तुम्ही इथंच का रेंगाळता?"

"साहेब, तिथं फट आहे. माणसं निघतात."

"फट बुजवायला सांगतो. पण जिथं माणसांनी यायचंच नाही, तिथं तुम्ही कुणासाठी थांबता?"

बहिणीसाठी, असं साहेबांना कसं सांगायचं?

"आजवर कुणाला काही झालंय का तिथं?" साहेबांनी विचारलं.

"नाही झालं."

"मग?"

ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्यांचा पुरावा कुठून आणायचा? साहेब म्हणाले, पुन्हा उशीर झाला तर गाडी काढून घ्यावी लागेल. जाताना त्यांनी फटीकडे बघितलं, वाईट वाटल्यासारखं डोकं हलवलं आणि पुलाकडे निघाले. पुलावर चढताना त्यांचेही गुडघे बोलत होते, मी ऐकलं.

मग ती धुक्याची सकाळ आली.

दूध सांडावं तसं धुकं माझ्या अंगावर पसरलं होतं. कठड्याचे गज अर्धेच दिसत होते. फलकावरचे दात तेवढे धुक्यातही पांढरे. गाडी आली, दारं उघडली, माणसं उतरली. थोरली उतरली. हातात डबा, डोक्यावर रुमाल. पलीकडे बसचं इंजिन घुरघुरत होतं, तिचे मागचे लाल दिवे दिसत होते. थोरली पायरीपाशी आली. माझ्या सिमेंटच्या हाताशी तिचं पाऊल होतं.

आणि मला दुसऱ्या रुळांतून थरथर जाणवली. बारीक, सुईएवढी. वळणावरून काहीतरी येत होतं, मांजरीच्या पावलांनी. मला दिसत होतं, तिला दिसत नव्हतं. तिच्या आणि त्याच्या मध्ये सुटणारी गाडी होती. मित्रांनो, इतक्या माणसांचे आवाज आयुष्यभर ऐकले, पण माझा स्वतःचा आवाज नाही. छप्पर आहे, ते वाऱ्याशिवाय वाजत नाही. त्या सकाळी वारा नव्हता.

गाडी हलली. शेपूट फटीवरून सरकलं. थोरलीचे ओठ हलले. गेली गं गेली गाडी. ती उतरली. पहिले रूळ ओलांडले. डबा छातीशी धरला, गजांमधून आडवी झाली, बाहेर पडली.

समोर काहीच नव्हतं. आणि एकदम काच होती.

काच थांबली होती. थोरलीच्या श्वासानं तिच्यावर वाफ धरली, इतकी जवळ. काचेच्या आत टोपी घातलेला एक चेहरा होता, आणि तो चेहरा धाकटीचा होता. तिच्या हाताखाली घंटी वाजतच होती. किती वेळ वाजत असेल कोण जाणे. धुक्यात आणि बसच्या घुरघुरीत ती थोरलीला ऐकूच आली नव्हती. ती मुंगीच्या चालीनं आली होती म्हणून थांबू शकली. इतरांसारखी आली असती, तर मी ही गोष्ट तुम्हाला सांगत बसलो नसतो.

थोरलीच्या हातून डबा पडला. झाकण घरंगळत रुळांमध्ये जाऊन गोल गोल फिरत राहिलं आणि मग आडवं झालं. ओठ अजून हलत होते. गाणं संपायचं होतं ना तिचं. "धर बाई हात माझा" एवढंच तिला पुढं आठवत होतं, आणि तेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

धाकटी खाली उतरली. बहिणीचा हात धरला आणि तिला माझ्याकडे परत आणलं. पायरीवर बसवलं. लहानपणी धाकटी जिथं मटकन बसायची, तिथंच.

"ताई."

"तू होतीस?"

"मी होते."

"दुसरी असती तर?"

पलीकडे बस सुटली. तिचे लाल दिवे धुक्यात विरघळून गेले.

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळ्यांचे डोळे उघडले असतील. तसं झालं नाही. झालं काय होतं शेवटी? एक डबा सांडला होता. तशी नोंद कुठं होत नाही. नोंद झाली ती उशिराची. धाकटीची गाडी काढून घेतली. आता ती डेपोत असते, सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत. फळ्यांवर छत्र्या, पिशव्या, एकेकट्या चपला. वस्तू हातात घेतली की तिला कळतं, ही कुठल्या फटीतून आली. तिच्या जागी जो चालक आला, तो हुशार आहे, हसरा आहे. माझ्यापाशी तो वेग कमी करत नाही. रोज वेळेत पोचतो.

थोरली आता पुलावरून जाते. बस सुटली तर सुटली. तिला धुलाईघरातून काढलं नाही, पण उशिराच्या पाळीत ढकललं. त्यामुळे सकाळी तिला सवड असते. ती माझ्या बाकावर, तुम्ही बसलात तिथंच, येऊन बसते. शाळेची पोरं जमतात. गळ्यात सूर फारसा नाही तिच्या, वाफेनं बसलेला आवाज. पण तिनं आणि धाकटीनं मिळून गाणं बदललं आहे. ते ती पोरांकडून घोकून घेते:

*गेली गं गेली गाडी, उतरू नको गं बाई,*
*पाठीच्या आड तिच्या दुसरी दडून येई.*

पोरं विचारतात, "मग उडी कधी मारायची?"

"उडी नाही. 'येई' म्हटलं की मागं सरायचं आणि पुलाकडे चालायला लागायचं."

"मज्जाच गेली मग."

"जाऊ दे गेली तर. मज्जा परत येते," ती म्हणते.

पोरांना नवं गाणं आलं आहे. पोरांचं मला फारसं भय नाही. भय मोठ्यांचं आहे. त्यांच्या पायांत जुनं गाणं मुरलं आहे. ते आता म्हणतही नाहीत, नुसते चालतात.

आज सकाळीही धुकं आहे, तुम्ही बघताच आहात. थोरली अजून आलेली नाही. आणि आज फार दिवसांनी शिट्टीकाका या समोरच्या गाडीनं आले आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, टेकडीवरच्या रुग्णालयात जायचंय त्यांना. कोट तोच, आता त्यांच्याहून आणखी मोठा झालेला. घरी गेले तेव्हा इथं एकच रूळ होता. दुसरा त्यांनी पाहिलाच नाही, आणि आता दिसायचाही नाही. आत्ता ते तुमच्या मागून काठी टेकत गेले. पायरीपाशी उभे आहेत, सिमेंटमधल्या हाताजवळ. गुणगुणताहेत. ऐका. कोणतं गाणं आहे ते ऐका.

गाडीची दारं मिटली. ती हलते आहे. वळणावर फलक हसतो आहे, आणि माझ्या दुसऱ्या रुळांत सुईएवढी थरथर सुरू झाली आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. विटा पडल्या तर नव्या बसतील, पत्रा गंजला तर नवा येईल. माझ्याकडे एकच हात आहे आणि तो दगड झालेला आहे. त्याला कुणाला धरता येत नाही.

तुम्हाला येतं. उठा. काकांचा हात धरा.